पॅकेट खोटे बोलले तर?

रुग्णाच्या शिरेत ठरावीक वेगाने औषध सोडणारा इन्फ्युजन पंप आता अनेक रुग्णालयांत नेटवर्कला जोडलेला असतो. त्याची नळी, बॅटरी, अलार्म यांची तपासणी होते. पण नेटवर्कवरून येणारी माहितीची पॅकेट उघडून वाचणाऱ्या त्याच्यातील प्रोग्रॅममध्ये बदल झाला, तेव्हा तो दुसऱ्या कोणी नीट वाचला होता का, हे सहसा कोणी विचारत नाही. हा प्रश्न रुग्णाच्या सुरक्षिततेचा आहे.

नेटवर्कवरून येणाऱ्या माहितीसोबत बऱ्याचदा तिची लांबीही लिहिलेली असते. ती पाठवणारा लिहितो आणि पाठवणारा खोटे लिहू शकतो. एखाद्याने गोदामात एकच पोते ठेवले आणि पावतीवर शंभर लिहिले, तर मोजदाद न करणारा कारकून परत देताना इतरांची नव्याण्णव पोती त्याच्या हवाली करेल. २०१४मध्ये उघड झालेली ‘हार्टब्लीड’ त्रुटी अशीच होती. संकेतस्थळांशी होणारा संवाद गुप्त ठेवणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये, आलेला संदेश जसाच्या तसा परत पाठवणारी एक सोय जोडली गेली. संदेशाची सांगितलेली लांबी खरी आहे का, हे पाहणारी ओळ तेवढी राहून गेली. त्यामुळे एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत परकी माहिती, प्रसंगी पासवर्डसुद्धा, बाहेर जाऊ शकत होती.

तो बदल एका जाणकाराने तपासला होता. तरीही मार्च २०१२मध्ये वापरात आलेली ही चूक ७ एप्रिल २०१४पर्यंत जाहीर झाली नाही. दोष एका माणसाच्या माथी मारणे सोपे आहे. पण जगभरातील असंख्य संकेतस्थळे ज्यावर विसंबून होती, त्या प्रकल्पाला तेव्हा वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलरच्या देणग्या मिळत होत्या. फुकटच्या आणि घाईच्या तपासणीकडून याहून अधिक अपेक्षा कशी ठेवायची?

असा कोड एका जागी राहत नाही, हा दुसरा धोका. ‘आयपीनेट’ हा पॅकेट हाताळणारा जुना कोड पुढे अनेक कार्यप्रणालींत आणि त्यांच्यामार्फत वैद्यकीय उपकरणांत पोहोचला. २०१९मध्ये त्यात ११ त्रुटी सापडल्या. १ ऑक्टोबर २०१९ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याबद्दल इशारा दिला. बाधित उपकरणांत इन्फ्युजन पंप, इमेजिंग यंत्रणा आणि भूल देण्याचे यंत्र होते. त्यातून रुग्णाला इजा झाल्याची खात्रीशीर नोंद तेव्हा नव्हती. पण आपल्या उपकरणात हा कोड आहे की नाही, हे उत्पादकांनाच शोधत बसावे लागले.

चाचण्या करणारी साधने आता बरीच चुका पकडतात, मग माणसाने ओळ न् ओळ कशाला वाचायची, असे विचारले जाते. साधने जरूर वापरावीत. सुरक्षित संगणकभाषाही वापराव्यात. पण पाठवणाऱ्याने खोटे सांगितले तर हा कोड काय करेल, पॅकेट अर्धेच आले तर काय, हे प्रश्न प्रत्येक बदलाला विचारणारा माणूस हवाच. त्याला पुरेसा वेळ, योग्य मोबदला आणि ‘हा बदल थांबवा’ म्हणण्याचा अधिकार हवा.

नेटवर्कला जोडता येणाऱ्या नव्या वैद्यकीय उपकरणांच्या परवानगीसाठी अमेरिकेने २०२३पासून आतील सॉफ्टवेअर घटकांची यादी मागायला सुरुवात केली आहे. औषधाच्या वेष्टनावर घटक छापलेले असतात, तसेच हे. उपकरण खरेदी करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने ही यादी मागावी. त्यातील पॅकेट हाताळणाऱ्या कोडचे बदल कोण तपासते, हेही विचारावे. उत्तर मिळत नसेल, तर खरेदीच्या कागदावर सही करण्याची घाई नको.