परसातील बांधकाम आणि शेजाऱ्याचा उजेड

इंग्लंडमध्ये स्वतःच्या परसात शेड किती उंच बांधावी हे सरकारने ठरवणे म्हणजे मालकीहक्कावरील अतिक्रमण होय, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. परंतु १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याने बांधकामाचा हक्क जमिनीच्या मालकीपासून तोडून परवानगीच्या अधीन केला, आणि ‘अनुज्ञेय विकास’, म्हणजे स्वतंत्र अर्ज न करता करता येणारी ठरावीक बांधकामे, ही त्या बंधनातून दिलेली सूट आहे, याचे भान आक्षेपकांना राहत नाही.

या सुटीच्या मर्यादा लहरी आहेत, हेही म्हणणे टिकत नाही. २०१५ च्या आदेशानुसार परसातील एकमजली इमारतीचे दुपाखी छप्पर ४ मीटरपर्यंत आणि अन्य छप्पर ३ मीटरपर्यंत नेता येते. मात्र इमारतीचा कोणताही भाग हद्दीपासून २ मीटरच्या आत आला, की संपूर्ण उंची अडीच मीटरवर रोखली जाते. म्हणजेच सावली मालकाच्याच अंगणात पडण्याची शक्यता असते तोवर कायदा सैल राहतो आणि कुंपणापाशी आवळला जातो, यात लहर ती कोणती?

याउलट, आकडे आंधळे असल्यामुळे प्रत्येक शेड अधिकाऱ्यांनी स्वतंत्रपणे तपासावी, असे मानणारा दुसरा पक्ष आहे. आकडा आंधळा असेलही, पण तो आधी कळतो आणि अधिकाऱ्याच्या अभिरुचीनुसार बदलत नाही. शिवाय जेथे परिसराचे रूप जपणे आवश्यक असते तेथे ही सूट काढून घेण्याचा अधिकार स्थानिक प्राधिकरणाला आहेच.

खरा दोष अन्यत्र आहे. घराच्या मागील एकमजली वाढीव बांधकामाची सर्वसाधारण मर्यादा स्वतंत्र घरासाठी ४ व इतर घरांसाठी ३ मीटर असून, शेजाऱ्यांना सूचना देऊन ती अनुक्रमे ८ व ६ मीटरपर्यंत वाढवता येते, आणि २०१३ मध्ये तात्पुरती म्हणून आणलेली ही सोय २०१९ मध्ये कायम झाली. शेजाऱ्याने मुदतीत हरकत घेतली तरच प्राधिकरण त्याच्या घरावरील परिणाम तपासते. तो गप्प राहिला, तर तो प्रश्नच उद्भवत नाही. थोड्या दिवसांसाठी राहणाऱ्या भाडेकरूने कागद न वाचता बाजूला ठेवला, तर पुढे त्या घरात येणाऱ्याचा उजेड त्याच्या मौनावर सोडला जातो. मौनाला संमती मानण्याची ही पद्धत मोडून, हरकत येवो वा न येवो, मूळ मर्यादेपलीकडील प्रत्येक बांधकामाचा शेजारच्या उजेडावर होणारा परिणाम प्राधिकरणाने स्वतःहून तपासला पाहिजे.