दयेचे गाणे नको

वृद्धाश्रमातील नाताळचा कार्यक्रम आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. तरुण मंडळी येतात, ध्वनिवर्धक लावतात, तयार ध्वनिमुद्रित संगीतावर चार जुनी जॅझ गीते म्हणतात, फळांच्या पिशव्या वाटतात, छायाचित्रे काढतात आणि निघून जातात. याला आपण सेवा म्हणतो. मला हा शब्द येथे मान्य नाही.

समोर कोण बसले आहे, याचा विचार आपण करतो काय? आज जे ८५ वर्षांचे आहेत, ते १९६० च्या सुमारास विशीत होते. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी यांचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला आणि पुढे ते संगीत आपल्याच माणसांनी आपलेसे केले. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकलेले वादक मुंबईत आले. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड यांनी रात्री हॉटेले गाजवली आणि दिवसा हिंदी चित्रपटांच्या संगीताला नवे रूप दिले. ‘अलबेला’ (१९५१) मधील ट्रंपेटवर ज्यांनी ताल धरला, १९५८ साली डेव्ह ब्रुबेक मुंबईत वाजवून गेले तो काळ ज्यांनी पाहिला, त्या पिढीचे लोक त्या खुर्च्यांवर बसलेले असतात. या संगीताचा इतका जाणकार श्रोता आपल्याला दुसरीकडे मिळणार नाही. आणि त्यांच्यापुढेच आपण तयारीवाचून उभे राहतो!

गेल्या वर्षी अशाच एका कार्यक्रमात मी मागच्या रांगेत होतो. शेजारचे आजोबा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर खुर्चीच्या दांड्यावर बोटे आपटीत होते. जॅझचा झोका तेथेच असतो. व्यासपीठावरून मात्र पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर टाळ्या वाजवण्याचा आग्रह चालला होता. थोड्या वेळाने आजोबांनी बोटे आवरली व हात मांडीवर ठेवले. तो थांबलेला हात मला अजून दिसतो.

कोणी म्हणेल, “मुले हौशी आहेत, वेळ काढून येतात हेच पुष्कळ.” लग्नाच्या मंडपात आपण असे म्हणतो काय? तेथे महिनाभर तालीम होते, कारण तेथे पाहुण्यांचा मान असतो. मग प्रश्न वेळेचा नसून मानाचा आहे.

कोणी म्हणेल, “त्यांतल्या अनेकांना आता काही आठवतही नाही.” उलट, म्हणूनच नीट गायला हवे. स्मृतिभ्रंश झालेली माणसे ओळखीचे गाणे ऐकून कशी जागी होतात, याचे वर्णन डॉ. ऑलिव्हर सॅक्स यांनी ‘म्युझिकोफिलिया’ (२००७) या ग्रंथात केले आहे. मुलाचे नाव विसरलेली आई तरुणपणीचे गाणे शेवटपर्यंत म्हणू शकते. परंतु ते गाणे तिने ऐकले त्या लयीत, तिला ओळखू येईल असे, यायला हवे.

आणि ध्वनिवर्धकाविषयी. वयाबरोबर प्रथम उंच स्वर ऐकू येईनासे होतात, त्यांबरोबर व्यंजने हरवतात. आवाज वाढवल्याने शब्द स्पष्ट होत नाहीत, कानाला त्रास मात्र होतो. श्रवणयंत्र लावणाऱ्यांचे हाल तर विचारूच नयेत. एक पियानो किंवा गिटार, जवळ उभा राहून शब्द स्वच्छ उच्चारणारा एक गायक, एवढे पुरे. म्हातारपणी गळा उंच जात नाही, म्हणून पट्टी खाली घ्यावी, श्रोतेही गातील. कोणते गाणे हवे, ते त्यांनाच विचारावे. येत नसेल तर प्रांजळपणे सांगावे आणि पुढच्या वेळी शिकून यावे.

पुढच्या वेळी! खरी कसोटी तीच आहे. वर्षातून एकदा येणारा गवई दया करून जातो. दर महिन्याला येणारा, चुका सुधारून घेणारा, आजोबांच्या बोटांकडे पाहून लय धरणारा त्यांच्याकडून काही घेऊन जातो. ज्याच्याकडून आपण काही शिकतो, त्याची दया येत नाही. त्याचा मान राहतो. आपल्या वडीलधाऱ्यांना आपण तो मान देणार असू, तरच गावे.