शब्द टाकण्याआधी

मैत्रिणींनो, आजवर एखादं स्थळ सुचवलं नाही अशी बाई आपल्यात आहे का? असेल तर तिनं हात वर करावा! हळदीकुंकवाला गेलं, तरी वाण हातात पडायच्या आत कुणीतरी विचारतंच, "तुमच्या पाहण्यात एखादी चांगली मुलगी आहे का हो?" आणि आपणही चटकन नाव सांगून मोकळ्या होतो.

दिवाळीत माझी धाकटी नणंद पुण्याहून आली होती. ती संगणकाच्या कंपनीत नोकरी करते. ती सोऱ्यानं चकल्या पाडत होती, मी तळत होते. मध्येच म्हणाली, "वहिनी, मी आणि माझ्या दोन मैत्रिणी एक ॲप तयार करतोय. एकट्या मुलामुलींना जोडीदार शोधायला त्यांचे मित्रमैत्रिणीच मदत करणार. तू एवढी स्थळं सुचवतेस, तर सांग ना, मध्ये पडणाऱ्यानं काय करावं आणि काय करू नये?"

मी म्हटलं, "अगं, हे तर आपल्याकडे पूर्वापार चालत आलंय. त्याला फोन कशाला हवा?"

मग तिनं मला समजावून सांगितलं. एरवीच्या ॲपवर मुलगी एकटीच बसून फोटोमागून फोटो पाहते. आवडला तर बोट उजवीकडे, नाही तर डावीकडे. शंभर चेहरे पाहिले की डोकं भणभणतं आणि खरं कोण, खोटं कोण ते कळत नाही. म्हणून २०१९ मध्ये अमेरिकेत 'शिप' नावाचं एक ॲप निघालं. त्यात मैत्रिणी मिळून एकीसाठी मुलगा पाहत. मग ऑक्टोबर २०२३ मध्ये 'टिंडर'नंही अशी सोय काढली. चोवीस तासांत पंधरा जणांपर्यंत दुवा पाठवायचा, त्यांनी मुलं पाहून "हा बघ" असं सुचवायचं. सुचवणाऱ्याला स्वतःचं खातं लागत नाही. पण तिच्या वतीनं होकार देता येत नाही, की समोरच्याशी बोलताही येत नाही. निर्णय जिचा तिचा.

हा शेवटचा नियम मला फार पटला. सुचवावं आणि बाजूला व्हावं. पण मनात आलं, एवढ्यानं भागत नाही. का, ते सांगते. हे मी आजवर घरातही कुणाला सांगितलेलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी मी नुकतीच एका शाळेत तासिकांवर शिकवायला लागले होते. तिथल्या एका बाईंचा भाऊ लग्नाचा होता. मुलगा शांत, निर्व्यसनी. बी.ए.ला माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण मला आठवली आणि मी दोन्हीकडे शब्द टाकला. मैत्रिणीच्या आईनं विचारलं, "मुलगा कसा आहे गं?" मी म्हटलं, "सोन्यासारखा." ते खरंच होतं. पण त्याची कारखान्यातली नोकरी कंत्राटी आहे, हेही मला ठाऊक होतं. ते कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. वाटलं, होईल की पक्की! जुळत आलेलं मोडायला आपण कशाला कारण व्हायचं?

लग्नानंतर आठ महिन्यांनी ती नोकरी गेली. मैत्रीण माझ्याकडे आली. रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "तुला माहीत होतं ना?" आज त्यांचं छान चाललंय, त्यानं दुकान टाकलंय. पण त्यानंतर ती माझ्या हळदीकुंकवाला आली नाही.

चकल्यांचा घाणा करपेपर्यंत मी नणंदेला हे सांगत होते. मग दोघींनी मिळून तिच्या वहीत चार गोष्टी लिहिल्या. ॲप काढा न काढा, आपल्यालाही त्या उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट, सुचवणाऱ्यानं आपण त्या व्यक्तीला किती वर्षं आणि कुठे ओळखतो, ते लिहावं. "चांगल्या घरातला आहे" हे काही ओळखणं नव्हे. चार वर्षं एकत्र काम केलं, हे ओळखणं.

दुसरी, चार गुणांबरोबर एक उणी बाजूही लिहावी. पण आधी ती ज्याची त्याला दाखवावी. नोकरी, कर्ज, आजार, मोडलेलं लग्न हे आपण परस्पर जगाला सांगायचं नाही. त्यालाच विचारावं, "हे तू सांगशील की मी सांगू?" तो म्हणाला, "कुणीच नको," तर आपण शब्द टाकू नये.

तिसरी, नकाराचं कारण विचारू नये. आपल्याकडे 'पत्रिका जमत नाही' म्हटलं की दोन्हीकडची अब्रू राहते. ॲपमध्येही तसं एक बटण ठेवा, म्हटलं! नणंद आधी हसली, मग तिनं खरंच लिहून घेतलं. नाही म्हटलं म्हणून सुचवणाऱ्या मैत्रिणीनं रुसायचं नाही.

चौथी, पहिली भेट दिवसाउजेडी, चारचौघांत. कुठे आणि किती वाजता भेटणार, ते सुचवणाऱ्या मैत्रिणीला माहीत असावं आणि घरी पोचल्याचा तिला फोन करावा. पैसे कुणी मागितले तर तिथेच थांबावं. घरी पोचल्याचा फोन आला की मैत्रिणीचं काम संपलं. "काय झालं? कधी बार उडवताय?" असं विचारत बसू नये.

रात्री आवराआवर झाल्यावर नणंद हळूच म्हणाली, "वहिनी, हे ॲप आधी मी माझ्यासाठीच वापरणार आहे. माझ्याबद्दल तू लिहिशील? पण आईला एवढ्यात नको सांगूस." सासूबाईंना दुवा मिळाला, तर पंधरा नव्हे, पन्नास जणींना जाईल, हे आम्हा दोघींनाही माहीत!

मी लिहिलं. नऊ वर्षं एका घरात पाहतेय, असं लिहिलं. हिशेबाला चोख, आजारपणात रात्रभर उशाशी बसणारी, असं लिहिलं. शेवटी लिहिलं, रागावली की दोन-दोन दिवस बोलत नाही, आणि आधी समजूत दुसऱ्यानंच काढायची असते. तिला वाचायला दिलं. ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मला वाटलं, आता दोन दिवसांचा अबोला माझ्याच वाट्याला!

"राहू दे," ती म्हणाली. "खरं आहे."

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी कुणी विचारलं की, "मुलगा कसा आहे हो?", तर 'सोन्यासारखा' म्हणण्याआधी क्षणभर थांबा. आपल्याला माहीत असलेलं एखादं वाक्य आपण गिळत तर नाही ना, तेवढं पाहा. मी संक्रांतीला माझ्या त्या मैत्रिणीकडे तिळगूळ घेऊन जाणार आहे. अकरा वर्षांपूर्वी गिळलेलं वाक्य तिला आता तरी सांगेन म्हणते.