प्रत्येक लाल डोळा म्हणजे ‘डोळे येणे’ नव्हे



२०२३ च्या जुलै महिन्यात पुणे जिल्ह्यातील आळंदी येथे डोळ्यांची साथ मोठ्या प्रमाणावर आढळली आणि पाहता पाहता ती राज्यभर पसरली. ज्येष्ठ वाचकांना १९७१ मधील साथही स्मरत असेल. बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या त्या वर्षी कोलकात्यात तिला ‘जय बांगला’ असे नाव पडले होते. अशा साथी बहुधा विषाणूंमुळे येतात आणि रुग्ण बहुधा दोन-तीन आठवड्यांत बरे होतात. त्यामुळे त्यांचे भय उरत नाही. धोका नेमका येथेच आहे. साथीच्या दिवसांत आजोबांचा डोळा लाल झाला, की ‘डोळे आले’ हे निदान घरातच होऊन जाते आणि शेजारची उरलेली बाटली औषध म्हणून येते.

म्हणून औषधाआधी निरीक्षण हवे. रुग्णाला उजेडात बसवा, आपले हात साबणाने धुवा आणि पुढील गोष्टी पाहून वहीत टिपून ठेवा.

लाली कधीपासून आहे? एका डोळ्यात की दोन्ही? स्राव पाण्यासारखा आहे की पुवासारखा घट्ट? सकाळी पापण्या चिकटतात का? नुसते खुपते आहे की आतून ठणकते आहे? एकेक डोळा झाकून भिंतीवरील दिनदर्शिकेचे आकडे वाचावयास सांगा. नेहमीपेक्षा अंधुक दिसते का? मधुमेह आहे का? मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे का? सध्या कोणते थेंब चालू आहेत?

साध्या नेत्रदाहात डोळा खुपतो, पाणी येते, चिपडे धरतात. परंतु चिपडे पुसल्यावर दृष्टी बहुधा पूर्ववत असते. पुढील लक्षणे मात्र निराळी आहेत.

डोळ्यात तीव्र वेदना, त्याच बाजूचे डोके दुखणे, उलटी, दिव्याभोवती रंगीत वलये आणि अंधुक दिसणे, हा काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो. उलटी झाली म्हणून ‘पित्त खवळले’ असे समजून रात्र काढू नका. काही तासांचा विलंबही दृष्टी हिरावू शकतो. शस्त्रक्रिया झालेला डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा दृष्टी कमी झाली, तर त्याच दिवशी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. कपाळावर एका बाजूस पुरळ उठून डोळा लाल झाला, तर नागिणीची शंका घ्यावी.

आपल्या लातूर-नांदेड भागात आणखी एक कारण घडते. सोयाबीन किंवा तुरीची रास करताना भुसकट डोळ्यात जाते, बुबुळास ओरखडा पडतो आणि त्यात बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. अशा डोळ्यात स्टेरॉइडचे थेंब घातले, तर लाली तात्पुरती उतरते, पण जखम आत वाढत राहते आणि शेवटी डोळ्यात फूल पडते. बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे किंवा उजेड सहन न होणे ही त्वरित तपासणीची खूण आहे. नांदेडला विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आणि उदगीरला लायन्स नेत्र रुग्णालय येथे नेत्रतपासणीची सोय आहे.

डॉक्टरांनी साधा नेत्रदाह असल्याचे सांगितले, की शुश्रूषा आपल्या हाती येते. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस भिजवून नाकाकडून कानाकडे एकदाच पुसा आणि तो बोळा टाकून द्या. दुसऱ्या डोळ्यासाठी नवा बोळा घ्या. कमी लाल असलेला डोळा आधी पुसा. पदर, उपरणे वा पंचाचे टोक वापरू नका. गार पाण्याच्या घडीने आराम वाटतो. डोळ्यावर पट्टी बांधू नका. काजळ, मध, एरंडेल, गुलाबपाणी काहीही घालू नका.

थेंब घालताना खालची पापणी किंचित ओढून तयार होणाऱ्या खोबणीत एकच थेंब सोडा. बाटलीचे टोक पापणीस लागू देऊ नका. मग डोळा मिटून नाकाजवळील कोपरा दोन मिनिटे हलकेच दाबून धरा. दोन औषधांत किमान पाच मिनिटांचे अंतर असावे. काचबिंदूचे नेहमीचे थेंब मनाने थांबवू नका.

ही साथ नजरेस नजर मिळाल्याने पसरत नाही. ती हात, टॉवेल, उशीचा अभ्रा आणि थेंबांची सामाईक बाटली यांतून पसरते. काळा चष्मा उजेडापासून आराम देतो, इतकेच. रुग्णाचे कपडे गरम पाण्यात वेगळे धुवा आणि प्रत्येक वेळी डोळ्यास हात लावण्यापूर्वी व नंतर साबणाने हात धुवा. तीन-चार दिवसांत उतार न पडल्यास पुन्हा तपासणी करून घ्या.

वृद्ध माणसे ‘होईल बरे’ म्हणून दुखणे सांगत नाहीत. म्हणून दिनदर्शिकेचे आकडे वाचावयास सांगण्याची दोन मिनिटे त्यांच्यासाठी अवश्य काढा.