सेल्फवरचा खोटा आळ

गाडी सुरू झाली, चावी सोडली, तरी बॉनेटखालची घरघर थांबत नाही. चावी काढून खिशात घातली तरी सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, फिरतोच आहे. अशी गाडी गॅरेजमध्ये आली की बॉनेट उघडण्याआधीच निकाल लागतो : ‘सेल्फ गेला, अख्खा बदला.’ आवाज सेल्फचा, म्हणून दोषही सेल्फचा!

‘अख्खा बदला’ म्हणणाऱ्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. कित्येक गाड्यांत सेल्फ इतका आत दडलेला असतो की काढण्या-बसवण्यातच निम्मा दिवस जातो. आज सेल्फवरचा सोलेनॉइड बदलला आणि महिन्याभरात बेंडिक्स (सेल्फ इंजिनला गुंतवणारा दातेरी भाग) गेला, तर गिऱ्हाईक मेकॅनिकचीच गचांडी धरणार.

पण सेल्फ हा हुकमाचा ताबेदार. चावीच्या स्विचपासून निघालेली बारीक वायर, बहुतेक गाड्यांत रिलेमार्गे, सोलेनॉइडवर येते. तिच्यात करंट आहे तोवर बॅटरीची जाड केबल मोटरला जोडून ठेवायची, एवढेच सोलेनॉइडला ठाऊक. स्विच अडकला किंवा रिलेचे पॉइंट चिकटले, तर कोरा करकरीत सेल्फही फिरतच राहील. जनरल मोटर्सने 2011-12 सालचे काही पिकअप ट्रक परत मागवले, ते इग्निशन लॉकमधला भाग ‘स्टार्ट’वरच अडकू शकतो म्हणून. जुन्या अमेरिकन फोर्ड गाड्यांत तर सेल्फचा रिले मोटरपासून दूर, मडगार्डच्या आतल्या बाजूला असे. त्याचे पॉइंट चिकटले असताना खालची मोटर बदलणाऱ्याला काय म्हणावे?

खरा चोर ओळखायला टेस्ट लॅम्प पुरतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढावी. इथे उशीर नको, कारण शंभराहून अधिक अँपिअर वाहणाऱ्या जाड केबलला बहुधा फ्यूजच नसतो. मग गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. सोलेनॉइडची बारीक वायर सोडवून तिच्या टोकाला दिवा लावावा आणि केबल पुन्हा जोडावी. वायर सुटी असतानाही सेल्फ फिरला, तर सोलेनॉइडचे पॉइंट बहुधा वितळून चिकटलेत. तो गप्प राहिला, तर चावी ‘स्टार्ट’वर नेऊन सोडावी. सोडल्यावरही दिवा जळत राहिला, तर दोष स्विच, रिले किंवा वायरिंगचा.

दिवा वेळेवर विझला तर मात्र संशय सोलेनॉइडवर. त्यात दोन कॉइल असतात. चावी सोडताच त्यांतून उलटसुलट दिशांनी करंट जातो, चुंबकत्व एकमेकांना मारते आणि स्प्रिंग प्लंजर, म्हणजे आतला सरकता दांडा, मागे ओढते. एका कॉइलचे वेढे शॉर्ट झाले की हा हिशेब चुकतो. कधी नुसता गंज किंवा चिखलही प्लंजर धरून ठेवतो.

हातोडीचा दणका हा लोकप्रिय उतारा. त्याने चिकटलेले सुटते खरे, पण ते का चिकटले हे कळत नाही, आणि कायमचुंबकी मोटरमधले चुंबक तडकू शकतात.

पॉइंट चिकटण्याचे कारण बऱ्याचदा बॅटरीत असते. ती मरगळलेली किंवा टर्मिनल सैल असेल, तर प्लंजर धडधडतो, ठिणग्या उडतात, पॉइंट चिकटतात. तीच बॅटरी ठेवून बसवलेला नवा सेल्फही त्याच वाटेने जाणार.

इंजिन चालू असताना सेल्फ बराच वेळ गुंतून राहिला, तर बेंडिक्स आणि आर्मेचर जळू शकतात. तेव्हा नवा सेल्फ घ्यावाच लागतो. मात्र तो बसवण्याआधी दिव्याची आणि बॅटरीच्या व्होल्टेजची तपासणी गिऱ्हाइकाने समोर उभे राहून करून घ्यावी.