नुसता कप नको, पुढची फळी हवी

ऑगस्ट-सप्टेंबरात वडवणी तालुक्यातल्या एखाद्या शाळेच्या मैदानावर संध्याकाळी चक्कर मारा. चिंचवण असो, उपळी असो की कुप्पा, पोरं-पोरी खो-खो नाहीतर कबड्डीच्या सरावात घामाघूम झालेली दिसतील. तालुक्याच्या स्पर्धा तोंडावर असतात, मैदानात नुसता आरडाओरडा असतो. आता त्याच मैदानावर दिवाळीनंतर जा. निम्मी टीम गायब! कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. आई-बाप कोयता घेऊन निघाले की पोरंही टेम्पोत बसून फडावर जातात. गव्हाणीत ऊस पडायला लागतो आणि इकडे शाळेच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा पडायला लागतात.

मित्रांनो, तुमच्यापैकी कित्येकांनी हे पाहिलंय. काहींनी भोगलंयसुद्धा. म्हणून आजचा विषय थेट तुमच्याशी बोलावा असं वाटलं. शाळेची टीम एखाद्या वर्षी जिंकते, गावात मिरवणूक निघते, कप मुख्याध्यापकांच्या कपाटात जातो. पुढच्या वर्षी तीच शाळा पहिल्याच फेरीत घरी येते. असं का होतं? पोरांत दम नसतो म्हणून? अजिबात नाही. टीम त्या सात-आठ जणांची असते, शाळेची झालेलीच नसते. ती पोरं दहावी होऊन गेली की टीमही गेली.

आपल्या जिल्ह्याकडे गुणवत्ता कमी आहे असं कुणी म्हणूच शकत नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं रौप्य घेऊन आला, पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यानं सुवर्ण मिळवलं. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तो जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे मूळची केज तालुक्यातली. छाती फुगावी अशीच ही नावं. पण जरा थांबा आणि एक गोष्ट बघा. साबळे धावपटू म्हणून घडला तो लष्करात गेल्यावर. प्रियंका घडली पुण्याकडच्या मैदानांवर. म्हणजे माती आपली, पण मशागत दुसरीकडे झाली. जे बाहेर पडू शकले नाहीत, त्यांचं काय झालं? त्यांची नावं आपल्याला माहीतच नाहीत.

मग इथेच राहून काही घडतच नाही का? घडतं. शेजारच्या धाराशिवकडे बघा. तिथल्या सारिका काळेनं २०१६मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिला खो-खो संघाचं नेतृत्व करून सुवर्ण जिंकलं. २०२०मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. घरची परिस्थिती इतकी बेताची, की कित्येक वर्षं एका वेळच्या जेवणावर दिवस काढले, असं तिनंच तेव्हा सांगितलं होतं. त्याच २०१६ साली तिनं खेळ सोडायचं जवळपास ठरवलं होतं. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत काढली आणि ती परत मैदानावर आली. ती पुढे तुळजापुरात क्रीडा अधिकारी झाली. आणि २०२५च्या विश्वविजेत्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. एक गेली तर दुसरी तयार. याला म्हणतात फळी! आपल्यासारखाच दुष्काळी भाग, आपल्यासारखीच घरं. फरक एवढाच, की तिथं कुणीतरी वर्षानुवर्षं मैदान सोडलं नाही आणि मैदान सोडून चाललेल्या पोरीला परत बोलावलं.

खरं तर हे सगळं खो-खोनं आपल्याला लहानपणीच शिकवलंय. पाठलाग करणारा कितीही वेगवान असो, तो एकटा गडी बाद करत फिरत नाही. बसलेल्यांची रांग त्याला मधूनच ओलांडता येत नाही, मागे वळता येत नाही. योग्य क्षणी पाठीवर थाप मारून मोठ्यानं ‘खो’ म्हणायचं आणि आपण त्याच्या जागी बसायचं. जो खो देत नाही, त्याच्यासमोरून गडी निसटतो. टीम चालवणाऱ्याचंही अगदी तसंच असतं. आपण किती पळालो याला फार किंमत नाही. आपल्यानंतर कोण उठून पळालं, यावर टीम टिकते.

आता मुद्द्यावर येऊ. कित्येक शाळांत पूर्णवेळ क्रीडाशिक्षक नाहीत. जे आहेत त्यांच्या डोक्यावर वर्ग आणि कागदपत्रांचा भार असतो. अशा वेळी तुमच्यासारखी कॉलेजातली, त्याच शाळेतून खेळून गेलेली पोरं-पोरी मैदानावर उभी राहिली तर चित्र बदलू शकतं. मुख्याध्यापकांना भेटा, रीतसर परवानगी घ्या, सरांच्या हाताखाली काम करा. आठवड्यातले तीन दिवस, एक-एक तास. वेळ मात्र एकच ठेवा. पाच म्हणजे पाच! ‘दादा येणार आहे की नाही’ हा प्रश्न पोरांना पडायला नको. नेतृत्वाची पहिली पायरी भाषण नसते, वेळेवर हजर राहणं असते.

एक वही करा. कोण आलं, कोण नाही, का नाही. एवढंच लिहा. चौदा वर्षांखालची पोरं सतरा वर्षांखालच्यांसोबत सरावाला बसवा आणि प्रत्येक मोठ्याच्या हवाली एक लहान करा. दहावीचा गडी बाहेर पडेल तेव्हा त्याचा डाव शिकलेला आठवीचा गडी मैदानात असला पाहिजे. पुढचा कर्णधार जूनमध्ये शोधायचा नसतो. तो जानेवारीतच निवडा, जुन्या कर्णधाराच्या शेजारी सहा महिने वावरू द्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं काम दसऱ्याच्या आधी करायचं. त्या वहीत यंदा कोण फडावर जाणार याची यादी करा. मुकादमाची उचल घेतलेल्या घरात जाऊन ‘पोराला शाळा का बुडवायला लावता’ असं शहाणपण शिकवू नका. त्या माऊलीला आपल्यापेक्षा जास्त कळतं. कोपीत पोराला कुत्र्या-सापाच्या भीतीत ठेवायची हौस कुणालाच नसते. त्यापेक्षा मार्ग घेऊन जा. गावात हंगामी वसतिगृहाची सोय होतेय का, आजी-आजोबांकडे राहता येईल का, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी असलेल्या संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळेल का, ते सरांकडून विचारून घ्या, अर्ज भरायला मदत करा. दहा घरांपैकी तीन घरांनी ऐकलं तरी तीन खेळाडू राहिले आणि तीन पोरांची शाळा राहिली. टीमपेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

मुलींच्या टीमचं तर याहून अवघड. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी चाळीसहून अधिक जणींचं लग्न अठरा वर्षांच्या आत झाल्याचं दिसलं. म्हणजे नववीतली कर्णधार अकरावीत असेलच याची खात्री नाही. इथं कॉलेजातल्या मुलींनी पुढं यायला हवं. सरावाला जाता-येता पोरी घोळक्यानं जातील एवढं बघा, त्यांच्या आयांना एकदा सामना बघायला बोलवा. जिल्ह्याला खेळून आलेल्या पोरीकडं बघायची घराची नजर थोडी तरी बदलते.

एक गोष्ट मात्र चुकूनही करू नका. वय लपवून मोठा गडी खाली उतरवायचा, बाहेरचा खेळाडू आपल्या शाळेच्या नावावर खेळवायचा, हे प्रकार सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यानं एक कप येईलही. पण बाकावर बसलेल्या त्या खऱ्या तेरा वर्षांच्या पोराला काय कळतं? की इथं मेहनतीला काही अर्थ नाही. तो पुन्हा मैदानावर येत नाही. एका कपापायी तुम्ही पाच वर्षांची टीम गमावता. तसंच मारणं, घालूनपाडून बोलणं. घरी पुरेसं ऐकून घेतलेलं असतं त्यांनी. मैदानावर तरी त्यांना मोकळं राहू द्या.

तुम्ही म्हणाल, आमचीच भरतीची तयारी, परीक्षा, घरचं काम. हे कधी करायचं? बरोबर आहे. पण पहाटे त्याच मैदानावर तुम्ही सोळाशे मीटर पळताच ना? संध्याकाळचा एक तास त्याच मैदानाला द्यायचा. आणि शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, त्यासाठी कोणती कामगिरी आणि कोणती प्रमाणपत्रं लागतात, हे तुम्हाला कळलंय. तुम्ही सातवीत होता तेव्हा ते कुणी सांगितलं असतं तर? आज सातवीत असलेल्याला ते तुम्ही सांगू शकता.

शेवटी एकच. मार्च-एप्रिलमध्ये फडावरून टेम्पो परत येतील. चार-पाच महिन्यांनी एखादा पोरगा लाजत-बुजत मैदानाच्या कडेला येऊन उभा राहील. पायात दम राहिलेला नसेल, अभ्यास मागे पडलेला असेल. त्याला ‘इतके दिवस कुठं होतास रे?’ असं विचारू नका. त्याचं नाव वहीत तसंच ठेवलेलं असू द्या. ‘ये, तुझी जागा रिकामीच आहे,’ एवढं म्हणा. ज्या टीममध्ये हे वाक्य म्हणणारं कुणीतरी दरवर्षी हजर असतं, ती टीम आज ना उद्या जिंकतेच. नाहीच जिंकली, तरी पोरं शाळेत राहिलेली असतात.

येत्या सोमवारी संध्याकाळी पाच वाजता तुमच्या जुन्या शाळेच्या मैदानावर जाऊन या. बघा, कोण कोण खोची वाट बघत बसलंय ते.