मुलांचा मेनू वेगळा कशाला?

घराजवळच्या चौकात नवं मेक्सिकन हॉटेल उघडतं आणि महिन्याभरात घरोघरी 'एकदा जाऊन बघू या' सुरू होतं. शनिवारी संध्याकाळी आई-बाबा, आजी आणि पाच वर्षांचं मूल असे सगळे तिथं पोहोचतात. टाको, बरिटो, एन्चिलाडा ही नावं वाचून मोठ्यांची उत्सुकता चाळवते. मुलाचा निर्णय मात्र आधीच झालेला असतो. 'त्याला हे नाही आवडणार. त्याच्यासाठी फ्रेंच फ्राइज आणि कोल्ड्रिंक सांगा.' मेनूकार्डाच्या शेवटी असलेलं 'किड्स मेनू'चं पान त्यासाठीच असतं.

माझं म्हणणं असं, की ते पान उघडूच नये.

साधारण दोन ते सहा या वयात मुलं अनोळखी पदार्थ नाकारतात. शास्त्रात याला 'फूड निओफोबिया' म्हणतात आणि वाढीचा तो एक नेहमीचा टप्पा आहे. त्यावरचा उपायही चांगला तपासलेला आहे. तोच पदार्थ, जबरदस्ती न करता, पुन्हा पुन्हा थोडासा चाखायला द्यायचा. बऱ्याच मुलांना आठ-दहा वेळा, काहींना त्याहूनही जास्त वेळा चाखल्यावर तो आवडू लागतो. आपण मात्र दुसऱ्या-तिसऱ्या नकारालाच 'याला आवडत नाही' असा शिक्का मारून मोकळे होतो.

याबाबतीत मेक्सिकोकडूनच शिकण्यासारखं आहे. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि डेबोरा शिलर यांनी वाहाका राज्यातल्या एका खेड्यात मुलं तिखट खायला कशी शिकतात याचा अभ्यास केला. तो १९८० साली प्रसिद्ध झाला. तिथं मुलांना मिरची खायची सक्ती नव्हती आणि खाल्ली म्हणून बक्षीसही नव्हतं. मोठी माणसं रोज चवीनं खाताना दिसत, मुलांना थोडं थोडं मिळे आणि शाळकरी वय येईपर्यंत मुलं स्वतःहून तिखट मागू लागत. आवड घडते ती अशी, सगळ्यांच्या पंगतीत बसून.

शिवाय हे जेवण आपल्याला खरोखर परकं आहे का? मका, राजमा, टोमॅटो, मिरची ही सगळी मूळची अमेरिका खंडातली पिकं. मक्याच्या पोळीत राजमा, वर कांदा-टोमॅटो-कोथिंबीर आणि लिंबू, हा टाको आपल्या मुलांना जड जायचं कारण नाही. तिखट लागलंच, तर पाण्यानं फारसा फरक पडत नाही, कारण मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही. दोन चमचे दही किंवा घोटभर दूध द्यावं.

आता किड्स मेनूकडे पाहू. त्यात बहुधा तळलेला बटाटा, चीज, मैदा आणि गोड पेय असतं. पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १३०० ते १४०० कॅलरी लागतात. वरून घातलेल्या साखरेतून त्यातल्या १० टक्क्यांहून कमी याव्यात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे फार तर ३० ते ३५ ग्रॅम साखर. ३०० मिलीलिटर कोलाच्या एका बाटलीतच हा दिवसभराचा वाटा जवळजवळ संपतो.

महिन्यातून एकदा हे चालून जाईल, असं कुणी म्हणेल. ते खरंही आहे. एका फ्राइजच्या प्लेटनं कुणाची तब्येत बिघडत नाही. पण बाहेर जेवणं आता अनेक घरांत दर आठवड्याचं झालं आहे आणि 'मोठ्यांचं जेवण वेगळं, माझं वेगळं' हा धडा मूल त्यातूनच गिरवतं. मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला युनेस्कोनं २०१० साली सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. तरीही त्या देशाला २०१४ पासून गोड पेयांवर कर लावावा लागला. वाहाका राज्यानं २०२० साली लहान मुलांना शीतपेयं आणि जंक फूड विकण्यावर बंदी घातली. मार्च २०२५ पासून देशभरातल्या शाळांतून असे पदार्थ हद्दपार झाले. ज्या प्रांतात मुलं घरच्या पंगतीत चव शिकत होती, तिथंही बाटली आणि पाकीट पुढे गेलं. आपली परंपरा आपल्याला आपोआप वाचवेल या भ्रमात राहू नये.

आई-वडिलांची अडचणही समजण्यासारखी आहे. आठवडाभर दमल्यावर शांतपणे जेवायचं असतं आणि मुलानं टाकलेल्या प्लेटचे पैसे डोळ्यांसमोर दिसतात. म्हणून वेगळी प्लेट मागवूच नये. आपल्याच ताटातलं थोडं, कमी तिखट सांगून, मुलाच्या बशीत वाढावं. सोबत साधा भात किंवा पोळी असा एक ओळखीचा पदार्थ असू द्यावा. 'दोन घास खा, मग आइस्क्रीम' हा सौदा टाळावा, कारण त्यानं आइस्क्रीमची किंमत वाढते आणि राजम्याची घटते. मुलानं नुसता वास घेऊन बशी सरकवली तरी हरकत नाही, पुढच्या वेळी पुन्हा वाढावं.

हॉटेलवाल्यांकडेही एक मागणी करावीशी वाटते. किड्स मेनूऐवजी मुख्य मेनूतल्या पदार्थांची अर्धी प्लेट अर्ध्या दरात द्या आणि पाण्याचा ग्लास न मागता मुलाच्या पुढे ठेवा. नव्या हॉटेलाला हे पहिल्याच दिवसापासून जमण्यासारखं आहे. आपण गिऱ्हाईक म्हणून मागितलं, तर ते नक्की करतील.